मुका डोंबारी

५ मार्च २०१६, शनिवार

आज नळाला पाणी आलं. पुन्हा कधी येईल ते देवच जाणे, त्यामुळं सकाळ पिंपं, बादल्या, पातेली आणि शेवटी भानूच्या सांगण्यावरून चहाचे कपसुद्धा भरण्यात गेली. उस्मानपुऱ्यात सध्या माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'आलं का' विचारतात.

पक्षी बघायच्या सहलीला आठवडा राहिला. गाडी ठरली. आठ जण येणार. दुर्बिणींच्या काचा पुसून ठेवल्या. स्वरदा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, या वर्षी मी पण येते." लहानपणी माझ्याबरोबर डोंगर तुडवलेली पोरगी, पण नोकरी लागल्यापासून एकदाही आली नव्हती. आता रजा काढून येते आहे. बापाची आठवण झाली म्हणायची.

भानूशी थोडं वाजलं. तिचं म्हणणं, दूधवाल्यानं दोनदा बेल वाजवली आणि मी उठलो नाही. बेल वाजलीच नाही! मी बेलच्या खालीच पेपर वाचत बसलो होतो. ती बिघडली आहे, नवी आणतो म्हटलं, तर म्हणाली, "अहो, बेल चांगली आहे," आणि पुढं काहीतरी तोंडातल्या तोंडात बोलली. संसाराला इतकी वर्षं झाली, पण या बाईनं पुटपुटायला अलीकडंच सुरुवात केली आहे.

७ मार्च, सोमवार

महाशिवरात्र. वेरूळच्या रस्त्याला आज मुंगीला जागा नसणार, म्हणून तिकडची पाहणी रद्द. साबुदाण्याची खिचडी दोनदा खाल्ली. नवी बेल बसवली. तीही तसलीच निघाली. दुकानदाराला फैलावर घेतलं, तर त्यानं माझ्यासमोर बटण दाबलं आणि 'बघा, वाजती की' म्हणून माझ्याकडं बघत बसला. रस्त्यावर एवढी वाहनं, तिथं काय ऐकू येणार कपाळ.

९ मार्च, बुधवार

सर्जेरावांच्या माळावर जाऊन आलो.

दरवर्षी सहल डोंगरापासून सुरू होते: म्हैसमाळ, मग गौताळ्याचं जंगल, मग पैठणचा नाथसागर, आणि शेवटची सकाळ सर्जेरावांच्या माळावर. पडेगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला त्यांचं गवताळ रान आहे. जमीन मुरमाड, पिकाला नालायक, पण चंडोलांना आणि डोंबाऱ्यांना याहून चांगली जागा नाही. त्यांच्या गावाला टेलिफोनची लाईन टाकायला मी गेलो होतो, तेव्हापासूनची ओळख. त्यांच्या पत्नी केसरबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय माझी सहल संपत नाही.

आज मात्र जीव हळहळला. दोन्ही बाजूंच्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आहेत. 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी, आणि पाटीखाली जेसीबी निसर्ग खरवडतोय. मधे सर्जेरावांचा एकट्याचा तुकडा पिवळा राहिला आहे.

सर्जेराव बांधावर बसून म्हणाले, "साहेब, शेजारच्यांनी दिलं. मलाबी तो प्लॉटवाला माणूस रोज फोन करतोय. पोरं म्हणत्यात, आबा, द्या. पर माझ्या मनात येगळंच हाय. चार खोल्या बांधाव्या म्हनतो. तुमच्यावानी लोक येतील, ऱ्हातील, पाखरं बघतील. पर आधी मला सांगा, पाखरं हायत का अजून? का गेली दुष्काळात?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"चिवचिव तर लई चालती सकाळी. पर ती तुमच्या कामाची हाय का नाय, आमाला काय कळतं? तुमी सांगाल तसं. तुमी व्हय म्हनला तर ठेवतो. नाय म्हनला तर इसार घेऊन रान देऊन टाकतो."

चिवचिव म्हणजे चिमण्या असणार. मी म्हटलं, सहलीच्या शेवटी सांगतो, घाई करू नका.

पण मला आजच धास्ती वाटली. माळावर तासभर उभा होतो. दोन टिटव्या ओरडल्या, लांब कुठंतरी होला घुमला, बस. चंडोलाचा एक सूर नाही. आणि एक विलक्षण गोष्ट पाहिली, ती नीट लिहून ठेवतो. डोंबारी हा चिमणीएवढा पक्षी. नर शीळ घालत हवेत उंच चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा सावरतो, म्हणून त्याला डोंबारी म्हणतात. आज एक नर चढला, कोसळला, सावरला, पुन्हा चढला. सगळं यथासांग, पण शिळेशिवाय. पूर्ण मुका! पाणी नाही, किडे नाहीत, म्हणून बिचारा शीळ घालायची ताकद वाचवत असावा. हे कुणीच नोंदवलेलं नसणार. पक्षिमित्रांच्या अंकाला टिपण पाठवायला हवं.

१२ मार्च, शनिवार. म्हैसमाळ

सहल सुरू झाली. स्वरदा काल आली, आल्या आल्या आईबरोबर स्वयंपाकघरात दार लोटून बसली. मी गेलो तर दोघी गप्प. माहेरी आलेल्या मुलीची आणि आईची गुपितं, आपण त्यात पडू नये.

मंडळी बरी आहेत. पुण्याचा हिमांशू आवाज टिपायचं यंत्र घेऊन आला आहे, केसाळ बोंडाचा मायक्रोफोन मुलासारखा मांडीवर घेऊन बसतो. जालन्याची सोनिया पतपेढीत काम करते, पक्ष्यांतलं तिला ओ का ठो येत नाही, आणि तसं ती पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी झाली. मला अशी माणसं आवडतात.

माझी पद्धत सगळ्यांना सांगितली. रोज सकाळी, चहाच्या आधी, गोल उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. दुर्बीण गळ्यात आली की माणसं कान विसरतात, म्हणून ही सवय मी लावली. डोळे कुणीही उघडायचे नाहीत, माझ्यासकट. टेलिफोन खात्यात असताना मी नुसती खरखर ऐकून केबल कुठं भिजली आहे ते सांगायचो, आणि खात्यात मला 'कान' म्हणायचे, ही फुशारकीही मारून घेतली.

पाच मिनिटं झाली. स्वरदानं विचारलं, "बाबा, तुमचं किती?"

"तीन. मोर, भारद्वाज, होला."

ती म्हणाली, "हो, तीनच." हिमांशूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वरदानं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि त्याला बाजूला घेऊन गेली. पोरगी पाहुण्यांचं बरं बघते.

पण तीन! याच दरडीवर पूर्वी दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. शिंजीर, वटवट्या, चष्मेवाला, सगळे गप्प. झुडपात शिंजीर दिसले, पण मुके. मग सगळं लक्षात यायला लागलं. मोर टिकला, भारद्वाज टिकला. दुष्काळ आधी लहानांचा आवाज घेतो.

१३ मार्च, रविवार. गौताळा

पानगळीचं जंगल, पायाखाली नुसता कुरकुराट. वाटेत टँकरची रांग आणि हंड्यांची रांग समोरासमोर.

सकाळी माझी दोन बोटं उघडली. स्वरदा 'हो, दोनच' म्हणाली. बाकीचे हात मागं बांधून उभे होते, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी मंडळींना लहान पक्षी, पाणी आणि आवाज यांवर माझं म्हणणं सविस्तर सांगितलं. सोनिया म्हणाली, "पण सर, ते आत्ता," आणि थांबली. तिचा बूट स्वरदाच्या बुटाखाली आला होता.

स्वरदाची एक सवय मला खटकायला लागली आहे. सारखी माझ्या दंडाला धरून 'बाबा, तिकडं बघा, बाबा, त्या फांदीवर' करते. मी दुर्बीण लावली की पक्षी असतो हे खरं. पण सहल कुणाची आहे? मी एकदा फटकारलं तर डोळ्यांत पाणी आणून हसली.

संध्याकाळी वनखात्याच्या विश्रामगृहाच्या पडवीत बसलो. रातकिडेसुद्धा नाहीत. मी तसं म्हटलं तर सोनिया स्वरदाकडं बघायला लागली. हिमांशू कानाला ते मोठं यंत्र लावून दिवसभराचं टिपलेलं ऐकत होता आणि स्वतःशी हसत होता. रिकामं रान टिपून एवढी कसली खुशी, कोण जाणे.

१४ मार्च, सोमवार. नाथसागर

आजचा दिवस सोन्याचा!

धरणाचं पाणी इतकं मागं गेलं आहे की गाडी एरवी जिथं नाव चालते तिथपर्यंत गेली. बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली आहेत, एका देवळाचा चौथराही. तिथं एक म्हातारे गृहस्थ नारळ घेऊन आले होते, त्यांचं लग्न त्याच देवळात लागलं होतं. धरण आटलं याचं दुःख करावं की देव दिसला याचा आनंद, असं त्यांनी मलाच विचारलं.

आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी! चिखलाच्या काठापासून आभाळ टेकतं तिथपर्यंत गुलाबी पट्टा. उठले तेव्हा सोनिया रडायला लागली आणि मग स्वतःलाच हसली. चक्रवाकांच्या जोड्याही होत्या. त्यांचा भरदार आवाज मी मन भरून ऐकला. म्हटलं, बघा, मोठे पक्षी बोलतात अजून.

परतीच्या वाटेवर स्वरदा शेजारी बसली. "बाबा, पुण्याला या ना थोडे दिवस. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, सगळी तपासणी करून घेऊ."

"मला काय धाड भरली आहे?"

"काही नाही. सहजच म्हटलं."

भानूनं माझ्या रक्तातल्या साखरेचं काहीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं दिसतं.

१५ मार्च, मंगळवार. सर्जेरावांच्याकडे

संध्याकाळी माळावर आलो. मंडळी ओसरीवर भाकऱ्यांची वाट बघत बसली. मी आणि सर्जेराव बांधापर्यंत चालत गेलो. शेजारच्या रानात जेसीबी उभा होता. उन्हं उतरली होती. मी बराच वेळ कान देऊन ऐकलं. वारा होता. बाकी काही नाही.

मग मी सांगितलं. गेले चार दिवस मी पोटात धरून बसलो होतो ते. म्हटलं, "सर्जेराव, आता इथं काही उरलं नाही. लहान पाखरं गेली. तुम्ही खोल्या बांधाल आणि माझ्या शब्दावर फसाल, ते मला नको. इसार घ्या."

ते खूप वेळ गवताची काडी मोडत राहिले. "तुमी म्हनता, मंजी तसंच असंल." मग म्हणाले, "उद्याच सकाळी बोलावतो त्याला. न्याहारीच्या वक्ताला. एकदाचं होऊन जाऊ द्या."

आयुष्यभर ज्याला जपलं त्याचा निकाल माझ्याच तोंडून गेला. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, स्वरदालाही नाही. उद्या सकाळच्या पाच मिनिटांनंतर सगळ्यांना सांगेन की ही सहल शेवटची.

१६ मार्च, बुधवार. दुपार, सर्जेरावांच्या ओसरीवर

हे आजच लिहायला हवं.

सकाळी आम्ही माळाच्या मधोमध गोल उभे राहिलो. सर्जेराव आणि केसरबाईही आले. केसरबाई म्हणाल्या, "मीबी मिटते डोळे, बघू काय व्हतंय." मी 'सुरू' म्हटलं. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही मिटले.

टिटवी बोलली. एक बोट. मग होला. दुसरं. मग काहीच नाही. मला वाटलं, हे शेवटचंच, आता नियम कशाला पाळायचा, माळ एकदा डोळे भरून बघून घ्यावा. मी डोळे उघडले.

सगळ्यांची बोटं वर होती.

सोनियाचा एक हात पूर्ण उघडला होता आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती. हिमांशूचेही दोन्ही हात. स्वरदाचेही. केसरबाईंची चार बोटं उघडी होती, पाचवं त्या उघडू की नको करत होत्या. माझ्या समोर माणसं डोळे मिटून उभी होती आणि माझ्याशिवाय सगळ्यांना काहीतरी दिलं जात होतं. मला वाटलं हे मुद्दाम चालवलंय, थट्टा चाललीय. पण थट्टा करणारं माणूस डोळे मिटून असं हसत नाही.

मग डोक्यावर डोंबारी चढला. मला दिसला, काळ्या पोटाचा नर. चढला, थांबला, आणि कोसळला. तो कोसळला तशा सगळ्यांच्या हनुवट्या मिटल्या डोळ्यांनी त्याच्याबरोबर खाली आल्या. तो पुन्हा चढला तशा वर गेल्या. सोनियाचं आणखी एक बोट उघडलं.

तो शीळ घालत होता. तो त्या दिवशीही घालतच होता.

मी 'डोळे उघडा' म्हटलं. बोटं झरझर मिटली, हात पाठीमागं गेले. केसरबाईंचे तेवढे पुढं राहिले, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. स्वरदा म्हणाली, "बाबा, तुमचं किती?"

"दोन."

"हो, दोनच."

मी म्हटलं, "हात पुढं करा."

कुणी हललं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा ओरडूनच. मग एकेकानं हात पुढं आणले, आणि मी त्यांना बोटं पुन्हा उघडायला लावली आणि प्रत्येक बोटाचं नाव विचारलं. चंडोल. वटवट्या. डोंबारी. सोनियाला नावं येत नव्हती, ती तोंडानं आवाज काढून दाखवत होती, आणि ते सगळे माझ्या जुन्या ओळखीचे होते. मी एकेकाचं नाव सांगत गेलो. मधेच माझा आवाज फुटला. स्वरदा येऊन बिलगली. "आई म्हणाली होती, सहल होऊ दे, मग सांगू. तुमची मजा जायला नको म्हणून हो, बाबा."

मला रडू आलं ते कानांसाठी, हे खरं. पण पूर्ण खरं सांगायचं तर निम्मं रडू आनंदाचं होतं. आठवडाभर मी ज्यांचं सुतक धरून बसलो होतो ते सगळे इथंच होते, माझ्या डोक्यावर गात होते.

आणि मग मला इसार आठवला.

सर्जेराव बाजूला उभे होते, त्यांचा चेहरा उतरलेला. पाहुण्यांसमोर, स्वरदासमोर, ज्यांच्यापुढं चार दिवसांपूर्वी 'कान' म्हणून मिरवलो त्यांच्यासमोर मी बोललो. "सर्जेराव, मी काल तुम्हाला चुकीचं सांगितलं. पाखरं आहेत. सगळी आहेत. मला ऐकू येत नाही."

स्वरदानं विचारलं, काल काय सांगितलं? मी सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

केसरबाई मात्र नवऱ्यावर उखडल्या. "मी रातच्याला काय म्हनलं तुमाला? एवढी पाखरं वरडत्यात अन् साहेब नाय कसं म्हनतेत? तर मलाच म्हनले, तू गप, त्यास्नी कळतंय!"

"आगं, इतकी वर्षं त्यांचंच खरं निघालं की," सर्जेराव म्हणाले. मग माझ्याकडं वळून, हळूच, आणि मी ओठांकडं बघत होतो म्हणून कळलं, "पर साहेब, फुडल्या साली लोकं कोन आननार? तुमाला तर..."

हा प्रश्न मला स्वतःला विचारायचाही धीर झाला नव्हता. तेव्हा सोनिया मधे आली. "सर, मला एकाचंही नाव येत नाही, पण कुठून बोलतोय ते कळतं. मी बोट दाखवते, तुम्ही बघून नाव सांगा. जमतं का बघू या ना." आणि उत्तराची वाट न बघता तिनं बोरीच्या झुडपाकडं बोट केलं. मी दुर्बीण लावली. "वटवट्या," मी म्हटलं. तिनं गवताकडं बोट केलं. "चंडोल. मादी पण आहे शेजारी, ती बघ, ती गप्प बसते, ती तुला सापडली नसती." घरापर्यंत आम्ही असेच आलो. सर्जेराव मागून बघत येत होते.

प्लॉटवाल्यांचा माणूस पांढऱ्या गाडीतून आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. सर्जेरावांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "भाऊ, पेढे वापस न्या. ह्या साली नाय द्यायचं ठरलं." तो म्हणाला, काल तर हो म्हणालात. सर्जेराव म्हणाले, "काल आमाला नीट ऐकू आलं नव्हतं."

माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मी आयुष्यभर त्यांचा ऋणी आहे.

१७ मार्च, गुरुवार. घरी

काल मंडळींना स्टँडवर सोडलं. जाताना हिमांशूनं यंत्र माझ्या कानाला लावलं आणि डोंबाऱ्याची बारीक शीळ, जी आता माझ्या कानांत शिरत नाही, यंत्रातच जाड करून ऐकवली. खऱ्यासारखी नव्हती, नळाच्या गुरगुरीसारखी काहीतरी. पण चढताना आणि पडताना त्याचा जो ठेका असतो तो मी लगेच ओळखला. पुन्हा लावायला सांगितलं. पक्षिमित्रांच्या अंकासाठी लिहिलेलं टिपण सकाळी फाडून टाकलं. डॉक्टरांकडे सोमवारी जायचं आहे, पुण्याला. सोनियानं पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवलं आहे. सर्जेराव विचारत होते, खोल्यांची दारं माळाकडं ठेवू का रस्त्याकडं. माळाकडं, म्हटलं.

भानूला अजून सगळं सांगितलेलं नव्हतं, पण काल घरी आलो तेव्हा तिला स्वरदाकडून फोनवर कळलेलं असणार. स्वरदा खाली गाडीतलं सामान उतरवत होती. मी जिना चढून वर आलो. दार लावलेलं होतं. मी बेल दाबली. काही ऐकू आलं नाही. नुसता उभा राहिलो.

भानूनं लगेच दार उघडलं.